घाण्याचा फेरा

तेलाचा लाकडी घाणा हे दिसायला साधे यंत्र आहे. जमिनीत पक्के रोवलेले खोल उखळ, त्यात तिरकी उभी केलेली लाट, लाटेच्या माथ्याशी दोरखंडाने किंवा साखळीने जोडलेले जमिनीलगतचे आडवे लाकूड, त्यावर ठेवलेले दगड आणि त्याला जुंपलेला बैल. बैल फिरला की लाट उखळात फिरते, तीळ-करडई भरडली जाते आणि तेल सुटते. महाराष्ट्रात हा धंदा निदान सतराशे वर्षे जुना आहे. फिरणारी वस्तू कशाने फिरते, कशाने अडते आणि तिच्यातून किती काम काढता येते, याची उत्तरे या धंद्याने बैलाच्या ओढीतून आणि दगडाच्या वजनातून शोधली. घाण्याचा इतिहास म्हणजे म्हणूनच परिबलाचा, आजच्या बोलीत टॉर्कचा, इतिहास आहे.

तेल्यांचा सर्वांत जुना ठसठशीत उल्लेख नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत सापडतो. तिसऱ्या शतकातल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने त्रिरश्मी डोंगरावरच्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी पैसे कायमचे ठेव म्हणून दिले. ही ठेव तिने गावातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे सोपवली. त्यांत कुंभार होते, तिलपिषक म्हणजे तेली होते आणि पाण्याची यंत्रे करणारे ओदयंत्रिकही होते. कुंभाराचे चाक, पाण्याचे यंत्र आणि तेल गाळण्याची कला जाणणाऱ्या माणसांच्या संघटना व्याजाची हमी देण्याइतक्या भरभक्कम होत्या, हे त्या लेखावरून कळते.

दुसरा पुरावा चाळीसगावजवळच्या पाटणचा, आणि तो जास्त बोलका आहे. यादव राजा सिंघणाचा राजज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला उत्पन्न लावून दिले. शके 1128, म्हणजे इसवी सन 1206-07 चा हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण देणग्यांची यादी जुन्या मराठीत आहे. गावात जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे एकेक पळी तेल मठाला द्यावे, अशी तरतूद त्या यादीत आहे. गणित आणि ग्रहगती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मठाला घाण्याचे तेल मिळत होते.

हा योग फार मोलाचा आहे, कारण ज्यांच्या ग्रंथांसाठी तो मठ होता त्या भास्कराचार्यांनीच फिरणाऱ्या चाकाचा एक अवघड प्रश्न मांडून ठेवला होता. 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या यंत्राध्यायात आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन आहे. चाकाचे आरे पोकळ, एकाच बाजूला वाकलेले आणि अर्धे पाऱ्याने भरलेले. चाक आसावर बसवले की एका बाजूचा पारा परिघाकडे धावेल, दुसऱ्या बाजूचा आसाकडे सरकेल आणि चाक फिरत राहील, अशी कल्पना.

चाक वळवण्याची ताकद केवळ जोरावर ठरत नाही. तो जोर आसापासून किती लांब लागतो, यावरही ती ठरते. बल आणि आसापासून त्या बलाच्या रेषेचे लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल. परिघाकडे गेलेला पारा जास्त अंतरावर असतो, म्हणून त्याचे परिबल जास्त, हा तर्क अगदी बरोबर आहे. अडचण पुढे येते. जड बाजूला पारा परिघाजवळ असला तरी तिथे आऱ्यांची संख्या कमी पडते, आणि हलक्या बाजूला अंतर कमी असले तरी आरे जास्त असतात. दोन्हींकडची परिबले शेवटी तुल्यबळ होतात. पूर्ण फेऱ्याचा हिशेब केला तर पारा खाली येताना जेवढे काम देतो तेवढेच तो वर जाताना परत घेतो. वर आसाचे घर्षण असतेच. असे चाक थोडे हेलकावून थांबते. भास्कराचार्यांचे चाक पुढे इस्लामी जगात आणि युरोपात अनेकांनी वेगवेगळ्या रूपांत करून पाहिले, पण फिरते राहिले नाही. घाण्याला मात्र प्रत्येक फेऱ्यात बैल नवे काम पुरवत होता, म्हणून घाणा फिरला.

बैल नेमके किती काम पुरवतो? चारशे किलो वजनाचा धडधाकट बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी ओढ तासन्‌तास टिकवू शकतो. म्हणजे चाळीस किलोची, सुमारे 400 न्यूटनची ओढ. तो उखळाच्या मध्यापासून तीन मीटरवर चालत असेल तर परिबल 1,200 न्यूटन-मीटर होते. एका फेऱ्याला जवळपास 19 मीटर चालावे लागते. सेकंदाला 0.8 मीटर या संथ चालीने मिनिटाला अडीच फेरे होतात. यातून मिळणारी शक्ती अवघी 320 वॅट. दीड तासाच्या एका घाण्याला बैल सव्वाचार किलोमीटरच्या पुढे चालतो आणि विजेच्या मीटरवर अर्धा युनिट भरेल एवढी ऊर्जा देतो. शक्ती बेताची, वेग नगण्य, पण परिबल भरघोस. तेल गाळायला हेच हवे असते. बी सावकाश आणि प्रचंड दाबाखाली चिरडले गेले पाहिजे, गरगर फिरवून काही साधत नाही.

जेम्स वॉटने 1780 च्या दशकात अश्वशक्तीचे माप ठरवले तेही अशाच रिंगणात फिरणाऱ्या जनावरावरून. गिरणीचा घोडा बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात मिनिटाला 2.4 फेरे करतो आणि 180 पौंडांची ओढ देतो, असे त्याने धरले. गुणाकार 32,572 आला, तो त्याने सोयीसाठी मिनिटाला 33,000 फूट-पौंड असा पक्का केला. घोड्याचे फेरे आणि घाण्याच्या बैलाचे फेरे जवळजवळ सारखेच आहेत. आज मोटारीच्या पाटीवर लिहिलेला एचपी अशा रिंगणातूनच आला आहे.

रिंगण केवढे ठेवायचे, हा तेल्याच्या घरातला खरा पेच होता. घाणा बहुतेक घरातच, छपराखाली असे. जागा जितकी कमी तितकी त्रिज्या कमी, आणि त्याच ओढीत परिबलही कमी. शिवाय अरुंद रिंगणात बैलाचे अंग सतत वळलेले राहते. त्याची ओढ वर्तुळाच्या स्पर्शरेषेत न लागता थोडी आतल्या बाजूला कलते, आणि तेवढा जोर लाट फिरवण्याच्या कामी येत नाही. बैलाच्या डोळ्यांवर झापडे बांधत ती त्याला भोवळ येऊ नये आणि त्याने संथ लयीत चालत राहावे म्हणून.

विदर्भात तेल्यांच्या पोटजातींची नावेच एकबैले आणि दोनबैले अशी पडली. घाण्याला किती बैल जुंपायचे यावरून माणसांची सोयरीक ठरावी, इतका हा फरक समाजात मुरला होता. यंत्राच्या बाजूने पाहिले तर दुसऱ्या बैलाने ओढ दुप्पट होते, पण दोघांचे रस्ते सारखे नसतात. दोन बैलांत एक मीटर अंतर असेल तर बाहेरच्याला प्रत्येक फेऱ्यात सव्वासहा मीटर जास्त चालावे लागते, मग रिंगण लहान असो वा मोठे. तेवढ्याच ओढीत बाहेरच्याचे परिबलही जास्त. खळ्यावरच्या मळणीत मेढीजवळ म्हातारा बैल आणि पातीच्या बाहेरच्या टोकाला तरणा बैल ठेवतात, ते याच कारणाने.

घाण्यात मात्र फिरवणारे एकच परिबल नसते. दुसरे परिबल दाबणारे असते, आणि घाण्याची करामत त्यातच आहे. आडव्या लाकडाचे आतले टोक उखळाच्या बुंध्याला टेकलेले असते आणि बाहेरच्या बाजूला दगड असतात. म्हणजे ते लाकूड एक तरफ झाले. दगड टेकूपासून दोन मीटरवर आणि लाटेकडे जाणारी ओढ अर्ध्या मीटरवर असेल तर ती ओढ दगडांच्या वजनाच्या चौपटीपर्यंत जाते. ही ओढ लाटेचा माथा बाहेर खेचते. लाट हीसुद्धा तरफच, म्हणून तिचा खालचा जाड भाग उखळाच्या भिंतीवर घट्ट दाबला जातो. बी या चिंचोळ्या फटीत रगडले जाते. दगड वाढवले की दाब वाढतो, दाब वाढला की घर्षण वाढते आणि बैलाला जास्त ओढावे लागते. एका परिबलाची किंमत दुसऱ्याने मोजायची, असा हा व्यवहार. म्हणून सुरुवातीला भार बेताचा ठेवून पूड बसत गेली की तो वाढवत, आणि गरजेप्रमाणे हाकणारा स्वतःच लाकडावर बसे. मधूनच पाण्याचा शिपका देत. पाण्याने बियांतले तेल एकत्र येऊन सुटते आणि मागे पेंडीची वडी राहते.

या धंद्याला निरनिराळ्या समाजांनी हात लावला. तुकारामांचे अभंग वह्यांत उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे तेली होते. कोकणात अलिबाग, पेण, रोहा या भागांतले बेने इस्रायली लोक घाणे चालवत. शनिवारी ते काम बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत.

एकोणिसाव्या शतकात घाण्यापुढे नवी यंत्रे उभी राहिली. जोसेफ ब्रॅमाने 1795 मध्ये पेटंट घेतलेल्या द्रवदाब यंत्रात तरफेची जागा पाण्याच्या दाबाने घेतली. अमेरिकेत व्हॅलेरियस अँडरसनने 1900 मध्ये एक्सपेलरचे पेटंट मिळवले. त्यात बंद नळीत मळसूत्र फिरते, बी सतत पुढे रेटले जाते आणि तेल बाहेर पडते. घाण्याप्रमाणे थांबून उखळ रिकामे करावे लागत नाही. गिरण्या आल्या आणि गावोगावचे घाणे बंद पडू लागले.

वर्ध्याला या पडझडीकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिले गेले. डिसेंबर 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली चालले. तिथे झवेरभाई पटेल यांनी ठिकठिकाणच्या घाण्यांची तुलना करून वर्धा घाणा तयार केला. एका वेळी जास्त बी मावावे, तेल जास्त निघावे आणि बैलाला ओढ कमी पडावी, हा त्यामागचा हेतू. भावनेच्या भरात जुनेच चालवण्यापेक्षा उखळाचा आकार आणि लाटेचा कल तपासणे अधिक उपयोगाचे, ही मगनवाडीची दृष्टी आजही दाद द्यावी अशी आहे.

सध्या शहरांत लाकडी घाण्याचे तेल म्हणून जे विकले जाते ते बहुधा विजेच्या घाण्याचे असते. त्यात मांडणी उलटी झाली आहे. लाट जागच्या जागी राहते आणि उखळ फिरते, मिनिटाला साधारण दहा-पंधरा फेरे. तीन एचपीची मोटार मिनिटाला 1,440 फेरे घेते, पण तिच्या आसावरचे परिबल फक्त 15 न्यूटन-मीटर, म्हणजे बैलाच्या ऐंशीव्या हिश्शाएवढे. तिला उखळ थेट जोडले तर ते हलणारही नाही. म्हणून मध्ये पट्टे आणि दातेरी चाके घालून वेग शंभरेक पटींनी उतरवतात. वेग जितक्या पटींनी उतरतो, घर्षणाची घट सोडली तर तितक्याच पटींनी परिबल चढते आणि 1,500 न्यूटन-मीटरच्या आसपास पोहोचते. बैलाच्या 1,200 पेक्षा ते थोडेच जास्त आहे. फरक पडला तो वेगात. त्यामुळे जागेवरच पाच-सहापट काम होते आणि तीन मीटरचे रिंगण लागत नाही.