घाट गाडीला दिसत नाही



मागच्या मार्गशीर्षात आमच्या गटातल्या पाच जणी सप्तशृंगीच्या दर्शनाला गेलो होतो. गाडी आमच्यातल्याच एकीची. नवीन, आपोआप गिअर बदलणारी. तिला क्लच नाही, डाव्या पायाला काही कामच नाही. सटाण्याहून कळवण, कळवणहून नांदुरी आणि पुढे गडाचा घाट. चढताना गाडीने काही कुरकुर केली नाही. उतरताना मात्र निम्म्या घाटात काहीतरी करपल्याचा वास आला. चालवणारी म्हणाली, "ब्रेक खोल जायला लागलाय गं." तिने सावकाश गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. आम्ही खाली उतरून चाकांपुढे दगड लावले. चाकाजवळ हात नेला तर चुलीजवळ नेल्यासारखी धग.

मागून एक टेम्पोवाले काका आले आणि थांबले. त्यांनी विचारले, "ताई, गाडी डीवरच ठेवून उतरलात ना? एमवर घ्यायची, दुसऱ्या गिअरवर उतरायचे." आम्ही म्हणालो, "पण काका, ही तर आपोआप गिअर बदलते." ते हसले. "बदलते. पण पुढचा घाट तिला कुठे दिसतो?"

त्या एका प्रश्नामुळे आम्ही गिअरचा इतिहास शोधायला लागलो. तोच आज तुम्हाला सांगतो.

आधी गिअर म्हणजे काय ते बघू. भरलेली बैलगाडी चढावर ओढताना बैलांचे पाय सावकाश पडतात, पण जोर पूर्ण लागतो. सपाट रस्त्यावर तेच बैल झपझप चालतात. मोटारीत हे काम गिअर करतो. खालचा गिअर म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. आता उतार आठवा. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येते आणि बैल पाय रोवून तिला मागे धरतात. मोटारीतही तसेच होते. खालच्या गिअरवर असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. त्या फिरवण्यात त्यांचा जोर खर्च होतो आणि गाडी आवरली जाते. वरच्या गिअरवर ही पकड फार कमी मिळते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. सतत घासून ब्रेक तापतो आणि फार तापला की धरेनासा होतो.

उतार आणि चढ यांचा हा धडा पहिल्यांदा शिकणाऱ्यांत एक बाईच होती. बर्था बेंझ तिचे नाव. जर्मनीत तिच्या नवऱ्याने, कार्ल बेंझने, तीन चाकांची मोटार बनवली होती, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीने मानहाइमहून माहेरी, फोर्त्झहाइमला निघाली. अंतर १०० किलोमीटरपेक्षा थोडे जास्त. पेट्रोलपंप तेव्हा नव्हतेच. इंधन तिने औषधाच्या दुकानातून विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने साफ केली. गाडीला गिअर दोनच होते. चढावर जोर पुरेना, तेव्हा मुलांनी उतरून ढकलले. उतारावर लाकडी ब्रेक झिजला, तेव्हा तिने वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. घरी आल्यावर तिने सगळे नवऱ्याला सांगितले आणि गाडीला चढासाठी आणखी एक खालचा गिअर बसवला गेला. चालवणारीच्या अनुभवातून आलेला हा गिअर!

पुढची कडी फ्रान्समधली. लुईझ साराझँ ही विधवा बाई. नवऱ्याच्या मागे डाइम्लर इंजिनाचे फ्रान्समधले हक्क तिने सांभाळले. १८९० मध्ये तिने एमिल लव्हासॉर या इंजिनिअरशी लग्न केले. त्याच्या पानार्ड-लव्हासॉर कंपनीने इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना जोर अशी मांडणी रूढ केली. आपल्या एसटीच्या गाड्यांतून आणि ट्रकांतून तीच पाहत आपण मोठ्या झालो.

त्या काळी गिअर बदलणे मोठे कसबाचे काम होते. दोन दातेरी चक्रांचा वेग जुळला नाही तर खर्रर्र आवाज व्हायचा. म्हणून ड्रायव्हर दोनदा क्लच दाबायचे. "डबल क्लच" हा शब्द आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांच्या तोंडी आजही आहे. अमेरिकेत अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरने वेग जुळवून देणारी रचना शोधली आणि १९२८ मध्ये ती कॅडिलॅक गाड्यांत आली. पुढे याच थॉम्पसनच्या हाताखाली क्लचच नको अशा गिअरबॉक्सचे काम झाले. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने तो ओल्ड्समोबिल गाडीत आणला. नाव हायड्रामॅटिक. चार गिअर, आणि ते गाडी स्वतः बदलणार.

आता आमच्या घाटातल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे बघा. गाडी आपोआप गिअर बदलणार, तर दांडीला पुढे जायची एकच जागा पुरे होती. पण त्या गाडीत दोन जागा होत्या, एक 'हाय' आणि दुसरी 'लो'. लो कशाला? उभ्या चढावर आणि लांब उतारावर गाडी खालच्या गिअरवर धरून ठेवायला. म्हणजे आपोआप गाडी बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते, की काही ठिकाणी माणसानेच ठरवायला हवे. पुढे अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या नियमांत हे लिहूनच टाकले. पुढे जाण्याचा आणि मागे जाण्याचा गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे. आणि ताशी ४० किलोमीटरच्या आतल्या वेगाला इंजिनाने गाडी जास्त आवरून धरावी, अशी दांडीची एक जागा असलीच पाहिजे. १९९० च्या सुमारास जर्मनीच्या पोर्शे कंपनीने आपोआप गाडीतच दांडी पुढेमागे ढकलून एकेक गिअर वरखाली करायची सोय दिली. आज आपल्या गाड्यांत दिसणाऱ्या अधिक-उणे या खुणा त्याच वाटेने आल्या.

आपल्याकडे हे सगळे उशिरा आले. मुंबईच्या कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीला गिअरची दांडी स्टिअरिंगखाली असायची. जीपला ती खाली, गुडघ्याजवळ. ती मारायला मनगटात ताकद लागते, म्हणून "हे बायकांचे काम नाही" असे आपण लहानपणापासून ऐकले. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली. तिच्यात गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच, फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे यंत्र करते. किंमत आवाक्यात आल्यामुळे अशा गाड्या पुढे गावोगावी पोहोचल्या. तिच्या दांडीला आर, एन, डी अशा जागा आहेत आणि बाजूला एम. एम म्हणजे गिअर तुम्ही ठरवायचा.

आमच्या मैत्रिणीला किल्ली देताना घरच्यांनी सांगितले होते, "तुला काय, दोनच पायडल. डीवर टाक आणि चालव." एमविषयी कुणी बोलले नाही. शिकवणाऱ्यानेही ते गावातल्या सपाट रस्त्यावरच शिकवले. गाडी सोपी आहे, म्हणून शिकवणेही अर्धेच झाले. एसटीच्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरांना मात्र पहिला धडाच हा असतो, की ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा. आपल्या गाडीत गिअर आपोआप पडतात, म्हणून तो धडा आपल्यापर्यंत आलाच नाही.

आपल्या बागलाणला तर त्याची गरज जास्त. बारी म्हणजे डोंगरातली खिंड. ताहाराबादहून पिंपळनेरला जाताना शेलबारी, नाशिकच्या वाटेवर देवळ्याजवळ भावडबारी, मुंबईला निघाले की चांदवडचा राहुड घाट आणि पुढे कसारा. कोणत्याही दिशेने निघा, कांदा घेऊन निघा की लेकीला कॉलेजात सोडायला, उतार लागणारच.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. घाट उतरायला सुरुवात करण्याआधी, वेग कमी असतानाच एमवर घ्या आणि उणे या खुणेकडे दांडी नेत दुसऱ्या गिअरवर या. उतार फार उभा असेल तर पहिल्यावर. इंजिनाचा आवाज वाढेल, त्याला घाबरू नका. तो बैलांनी पाय रोवल्याचा आवाज आहे. इंजिनाला सोसणार नाही इतका खालचा गिअर या गाड्या सहसा पडूच देत नाहीत. ब्रेक सतत दाबून धरू नका, लागेल तेव्हा नीट दाबा आणि सोडा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर कधीच उतरू नका. आणि करपल्याचा वास आला तर थांबा, ब्रेक निवू द्या. उशीर झाला तर झाला.

सगळ्या गाड्यांत एम नसतो. काहींत एल असते, काहींत बी किंवा २ हा आकडा. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात ते दिलेले असते. त्या दिवशी आम्ही पाऊण तास थांबलो आणि मग दुसऱ्या गिअरवर नांदुरीला उतरलो. उरलेल्या घाटात ब्रेकला पाय मोजकाच लागला. पुढच्या आठवड्यात गटाची बैठक आम्ही त्या गाडीभोवतीच घेतली. ज्यांना गाडी येत नाही त्याही जणींनी दांडी हातात धरून बघितली.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आज ती उभी असतानाच आत बसा आणि ते अक्षर शोधा. घाटात शोधायला वेळ नसतो.