धुण्यातून घरात आलेली धूळ



आज आपण एका धुळीची गोष्ट ऐकणार आहोत. गोष्ट ब्रिटनमधली आहे, जहाजं बांधणाऱ्या गोद्यांमधली. इतक्या लांबची गोष्ट आपण का ऐकायची? कारण तिच्या मधोमध एक असं काम आहे जे आपण सगळ्याजणी करतो: नवऱ्याचे कामाचे कपडे धुणं. हे काम कुठल्याच हजेरीपटावर चढत नाही. आणि नोंद नसली की पुढे कायद्याच्या दारात काय होतं, तेच या गोष्टीतून कळतं.

आधी अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे काय ते पाहू. हा खाणीतून निघणारा दगड. पण तो फोडला की त्याची माती होत नाही, त्यातून कापसासारखे तंतू सुटतात. ते आगीने जळत नाहीत आणि उष्णता अडवून धरतात. वाफेवर चालणाऱ्या जहाजात मोठमोठे बॉयलर आणि गरम वाफेचे पाइप असतात, त्यांना गुंडाळायला हे तंतू फार सोयीचे पडले. ग्लासगोजवळची क्लाइड नदी, न्यूकॅसलजवळची टाइन नदी, लिव्हरपूल, बेलफास्ट अशा ठिकाणच्या गोद्यांमध्ये कामगार पोत्यातली भुकटी पिंपात ओतायचे, पाणी घालून कालवायचे आणि हाताने पाइपांवर लिंपायचे. जुनं जहाज दुरुस्तीला आलं की वाळलेला लेप फोडून काढायचे. जहाजाच्या पोटात वारा कुठून येणार? त्यामुळे लिंपणाऱ्याच्या शेजारी काम करणारा वेल्डर, वायरमन, झाडणारा असे सगळे त्याच धुळीत श्वास घ्यायचे आणि संध्याकाळी पांढरे होऊन घरी यायचे.

ही धूळ वाईट आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, असं नाही. रॉचडेल गावातली नेली केरशॉ ही बाई अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत काढणाऱ्या गिरणीत कामाला होती. १९२४ साली ती वारली, तेव्हा ती अवघी ३३ वर्षांची होती. तिच्या फुप्फुसात या धुळीचे कण सापडले आणि तसं वैद्यकीय मासिकात छापूनही आलं. कंपनीने मात्र भरपाई दिली नाही. पुढे सरकारी तपासणी झाली आणि १९३१ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांसाठी नियम झाले. पण त्या नियमांचा रोख कारखान्यांवर होता. जहाजांवर पाइप लिंपणाऱ्याचं काम पुढेही बरीच वर्षं तसंच चालू राहिलं. घरातल्या बाईचा तर त्यात विचारच नव्हता.

या धुळीने दोन तऱ्हेचे आजार होतात. एक, फुप्फुसं आतून कडक होत जातात आणि दम लागतो. दुसरा, कर्करोग. त्यातला मेसोथेलिओमा हा कर्करोग फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतल्या अस्तराला होतो. त्याला आजही पुरता बरा करणारं औषध नाही. वाईट म्हणजे, धूळ छातीत गेल्यापासून हा आजार दिसायला तीस-चाळीस वर्षंसुद्धा लागतात. तिशीत कपडे धुतले आणि आजार सत्तरीत आला, तर त्या दोन गोष्टींचा संबंध जोडणार कोण?

तो संबंध लंडनमध्ये दोन बायकांनी जोडला. त्यांची नावं म्युरिअल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन. लंडनच्या एका रुग्णालयातल्या मेसोथेलिओमाच्या ८३ रुग्णांची माहिती त्यांनी हाती घेतली. त्यातल्या ७६ जणांची जुनी हकिगत मिळाली. नुसतं ‘तुम्ही काय काम करत होता’ एवढंच न विचारता, घरातली माणसं काय काम करायची आणि घर कुठे होतं, हेही त्यांनी पाहिलं. १९६५ साली त्यांचं काम छापून आलं. ७६ पैकी ३१ जणांनी स्वतः अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलं होतं. आणखी ९ जणांनी ते काम कधीच केलं नव्हतं, पण त्यांच्या घरातलं कुणीतरी ते करत होतं. त्या ९ जणांत ७ बायका होत्या. बहुतेकींची हकिगत एकसारखीच निघाली: नवऱ्याचे कामाचे कपडे त्या धूत होत्या. एक गोदीकामगार तीन-चार वर्षं रोज पांढराफटक होऊन घरी यायचा आणि त्याची बायको ब्रशने त्याचे कपडे झटकून द्यायची.

म्हणजे बघा, डॉक्टरांना हे कळलं ते केवळ घरचं काम विचारलं म्हणून.

आता कायद्याचं पाहू. १९६६ साली ब्रिटनमध्ये मेसोथेलिओमा हा कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत आला. कामगाराला वाट मिळाली. बायकोचं काय? लिव्हरपूलला हारलंड अँड वुल्फ कंपनीच्या गोदीत एक बॉयलरचा कारागीर १९६१ ते १९६५ या काळात कामाला होता. त्याची बायको त्याचे कपडे धुवायची. पुढे कित्येक वर्षांनी तिला मेसोथेलिओमा झाला. तिने दावा लावला आणि खालच्या न्यायालयात ती जिंकली. कंपनी अपिलात गेली. २००५ साली निकाल फिरला. तोवर ती बाई हयात नव्हती.

न्यायाधीशांनी आजार नाकारला नाही, की तो कपड्यांतून आला हेही नाकारलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता: घरच्या माणसांनाही धोका आहे, हे कंपनीला त्या वेळी कळायला हवं होतं का? तीनपैकी दोन न्यायाधीश म्हणाले, नाही. कारण ही माहिती उघड झाली ती १९६५च्या अखेरीस. म्हणजे ज्या संशोधनाने बायकांचं दुखणं जगापुढे आणलं, त्याचीच तारीख आधीच्या बायकांसमोर भिंत होऊन उभी राहिली. तिसऱ्या न्यायाधीशांना हे पटलं नव्हतं.

मग २००८ साली ब्रिटनच्या सरकारने वेगळी योजना आणली. चूक कुणाची ते सिद्ध न करता मेसोथेलिओमाच्या रुग्णाला एकरकमी मदत मिळू लागली, आणि घरच्या माणसाच्या कपड्यांतून धूळ लागलेल्यांनाही त्यात धरलं. कामगार यादीत आल्यापासून त्याचे कपडे धुणारी मोजली जायला ४२ वर्षं लागली.

ही जहाजं म्हातारी झाल्यावर जातात कुठे? बरीचशी आपल्याकडे, तोडायला. गुजरातेत अलंगला आणि आपल्या मुंबईत दारूखान्याला जहाजं तोडतात. फ्रान्सचं ‘क्लेमांसो’ हे लढाऊ जहाज अ‍ॅस्बेस्टॉससकट अलंगला निघालं होतं. फार विरोध झाला, आपल्या सर्वोच्च न्यायालयातही प्रकरण गेलं. शेवटी फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ते परत बोलावलं. पुढे ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तोडलं गेलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एक मोठा निकाल दिला आहे. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कमीत कमी ४० वर्षं जपून ठेवावी, असा आदेशही दिला. चाळीस वर्षं का, ते आता आपल्याला कळतं. पण ही नोंद कामगाराची. त्याच्या घरातल्या बाईची नोंद तिनेच ठेवायची आहे.

म्हणून आम्ही गटांना चार गोष्टी सुचवतो. घरातलं कुणी जहाजतोडणीत, सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात किंवा जुनं बांधकाम पाडायच्या कामात असेल, तर त्याने कपडे शक्यतो कामावरच बदलावे. घरी आलेच तर झटकू नका, आधी पाण्यात बुडवा आणि वेगळे धुवा. छपरावरचा सिमेंटचा पत्रा धड असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही. पण तो कापताना, भोक पाडताना, फोडताना धूळ उडते, तेव्हा मुलांना लांब ठेवा. तुकडे कोरड्या झाडूने झाडू नका. अंगण भरायला ते कुटून वापरू नका.

आणि शेवटची गोष्ट वहीची. घरातल्या माणसाने कुठे, कोणत्या साली, काय काम केलं ते लिहून ठेवा. पगाराची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड पेटीत जपा. खोकला आणि दम हटत नसेल, तर डॉक्टरांना घरातल्या माणसाचं काम सांगा, ते विचारोत की न विचारोत. बचतीचा रुपयान् रुपया आपण लिहितोच. त्याच वहीत या कामाचं एक पान घाला.