रेडिओच्या खणातली गिटार

भंडारा जिल्ह्यात पहिली इलेक्ट्रिक गिटार कुणी आणली, असं कुणी विचारलं की मी आधी उलटा सवाल करतो : त्यात बेंजो धरायचा का? धरायचा नसेल तर माझी गोष्ट सत्तरच्या दशकात सुरू होते. धरायचा असेल तर फार मागे जावं लागेल.

बेंजो म्हणजे चामडं ताणलेला अमेरिकेतला नव्हे. आमच्याकडे बेंजो म्हणतात तो बुलबुलतरंग. लांबट पेटी, वर तारा, आणि सूर दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या गृहस्थाने १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, त्याचं हे हिंदुस्थानी लेकरू. कव्वालीच्या मुकाबल्यात, लग्नाच्या वरातीत, चौदा एप्रिलच्या भीमगीतांत याच्याशिवाय पान हलत नसे. (बाबासाहेब १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला आमच्या भंडाऱ्यातून उभे होते; भीमगीतांना इथे जोर का, ते वेगळं सांगायला नको.) वरातीच्या गोंगाटात तो ऐकू जाईना, म्हणून कुणीतरी त्याच्या पोलादी तारांखाली चुंबक बसवलं, चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे दिले आणि त्याची वायर भोंग्याच्या मशीनला जोडली. आज नागपूरपासून रायपूरपर्यंत रस्त्याने वाजत जाणाऱ्या धुमालच्या ताफ्यात तुम्हाला जो किरकिरा, कानात घुसणारा सूर ऐकू येतो, तो याच घराण्याचा.

आता इलेक्ट्रिक गिटारचा जीव तरी आणखी कशात असतो? पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत इवलीशी वीज उठते. आणि बाजारात विकायला आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटारसुद्धा गळ्यात अडकवून वाजवायची नव्हती. १९३२ साली अमेरिकेत रिकनबॅकरवाल्यांनी विकायला काढलेली ती गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती, मांडीवर आडवी ठेवून पट्टीने वाजवायची हवाईयन. आकारावरून तिला लोक तळणीचा तवा म्हणत. म्हणून बेंजोला हसणाऱ्या पोरांना मी सांगतो, बाबांनो, तुमची आजी तवा होती.

मी तुमसरचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवर पोट भरलं आणि बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात हौसेने बेस वाजवला. पहिली हवाईयन गिटार पाहिली ती भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, आयुधनिर्माणीच्या वसाहतीत. साठच्या दशकात हा कारखाना उभा राहिला आणि देशभरची माणसं आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये येऊन राहिली. मामा तिथे नोकरीला होते. त्यांच्या शेजारचे बंगाली काका संध्याकाळी लुंगीवर बसून पोलादी पट्टी तारांवरून सरकवत. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधली फट भरायला जी गिटारची धून लावत, तीच. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग ही नावं त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकली.

कोलकाता त्या काळी हवाईयन गिटारचं माहेर होतं. रवींद्रसंगीतसुद्धा तिच्यावर वाजे. आणि कोलकाता आम्हाला दूर नव्हतं. मुंबईहून हावड्याला जाणारी रेल्वेलाइन जिल्ह्यातूनच जाते. वरठीचं भंडारा रोड, देव्हाडीचं तुमसर रोड, ही तिचीच स्टेशनं. त्यामुळे पुण्या-मुंबईकडे काय चाललंय ते आम्हाला सिनेमात दिसे, पण वाद्यं येत ती हावड्याकडून, गोणपाटात शिवलेली. गिवसन, हॉबनर, रेनॉल्ड्स ही नावं आम्हाला तोंडपाठ होती. अमेरिकेची गिब्सन आणि जर्मनीची होफनर यांची ही बंगाली मावसभावंडं आहेत, हे पुष्कळ उशिरा कळलं. तोवर आम्ही हॉबनर हेच मूळ नाव समजून होतो. खऱ्या परदेशी गिटारीचा तर विचारच नको. १९९१च्या आधी आयातीवर एवढी जकात होती की त्या पैशात एक जोडी बैल आली असती.

माझ्या वाट्याला आलेली गिटार कुणाच्या तरी हातून तिसऱ्यांदा सुटलेली होती. डोक्यावरचं नाव खरवडून काढलेलं. पिकअप, म्हणजे तारांखालचं ते चुंबक आणि वेढे, मुका. तारा जिथे टेकतात ती घोडी मिश्रधातूची होती, ती दोन ठिकाणी तुटलेली. मी ती घेऊन भंडाऱ्याला एका कासारमामांकडे गेलो. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. तेव्हा स्टीलने पितळेला गिळायला सुरुवात केली होती, तरी ठोक्यांचा आवाज गल्लीत शिरायच्या आधी ऐकू येई. मामांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"हे काय होय जी? कढईचं कडं का?"

"नाही मामाजी, गिटारचं होय. तारा टेकतेत याच्यावर."

"मंग पितळेचंच करतो. हे काय टिकून नाही राह्यलं."

पितळी कांबीचे त्यांनी तीन गोल तुकडे कापले, भोकं पाडली, आणि प्रत्येक तुकड्यावर दोन तारा बसतील अशा खाचा कानशीने घासून दिल्या. पैसे घेतले नाहीत. गिटार लावून दाखव म्हणाले. लिओ फेंडरने १९५० साली अमेरिकेत जी पहिली सपाट लाकडी ठोकळ्याची गिटार बाजारात आणली, जिला पुढे टेलिकास्टर म्हणू लागले, तिलाही अशाच तीन पितळी नळ्या होत्या, एकेकीवर दोन-दोन तारा. हे मला वीसेक वर्षांनी कळलं. मामांना कधीच कळलं नाही, आणि कळलं असतं तरी त्यांनी "मंग?" एवढंच विचारलं असतं.

पिकअपचं काम मात्र माझं होतं. एका जुन्या रिलेची कॉइल उकलली. केसाएवढी, छेचाळीस गेजची तार. बायकोच्या शिलाई मशीनला बॉबिन भरायची जी चकती असते, तिच्यावर लाकडी रीळ बसवलं. चाकाच्या एका फेऱ्यात किती वेढे पडतात ते आधी मोजून घेतलं. बायको चाक फिरवी, मी बोटांच्या चिमटीतून तार सोडी, आणि दर शंभर वेढ्यांना थोरली मुलगी ताटलीत धानाचा एक दाणा टाकी. आठ हजारांच्या आसपास वेढे लागतात, म्हणजे ऐंशी दाणे. एकोणसाठाव्या दाण्याला तार तुटली. ती डाग देऊन जोडली, वरून वार्निश दिलं. पिकअप वाजला. थोडा बारीक वाजला, पण वाजला.

त्याला ॲम्प्लिफायर कुठून आणायचा, हा प्रश्न रेडिओ मेकॅनिकला पडत नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना पाठीमागे ग्रामोफोनची पिन खोचायला दोन भोकं असत. त्यात गिटार खोचायची आणि आवाजाचं बटण पूर्ण पिळायचं. व्हॉल्व्ह धापा टाकू लागला की सूर फाटतो, आणि तो फाटका सूर गोड लागतो. तिकडे विलायतेत ज्यासाठी लोक जीव टाकत होते, तो आवाज आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या रेडिओतून फुकटात निघत होता. गिऱ्हाईक रेडिओ न्यायला येईपर्यंत.

मग १९७१ साली 'हरे राम हरे कृष्ण' आला आणि 'दम मारो दम'च्या सुरुवातीला भूपिंदर सिंगांची गिटार वाजली. गणपती-शारदेच्या मंडळांत पोरांना तशाच गिटारीचं वेड लागलं, ते पुढे दहा वर्षं उतरलं नाही. मला तो फाटका सूर रेडिओ न बाळगता हवा होता. एका इंग्रजी मासिकात फझचा, म्हणजे सूर फाडणाऱ्या डबीचा, नकाशा सापडला. दोन ट्रान्झिस्टर, चार-पाच रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन बटणं. एवढंच. लंडनमध्ये १९६६ साली याच धर्तीची फझ फेस नावाची गोल डबी निघाली होती. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली असायची ती. तिच्यातला एक ट्रान्झिस्टर होता एसी १२८. नाव वाचून मी हसलोच. भारतातल्या कुठल्याही ट्रान्झिस्टर रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात एसी १२७ आणि एसी १२८ ही जोडी हमखास असायची. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात ते मूठभर पडून होते, मेलेल्या रेडिओंतून काढलेले.

डबी धातूची हवी, नाहीतर बाहेरची खरखर आत शिरते. आजीचा पितळी पानाचा डबा होता. चुना-काताचे कप्पे काढून टाकले, झाकणाला भोकं पाडली. नऊ व्होल्टची बॅटरी सुपारीच्या कप्प्यात नेमकी बसली.

या बॅटरीवरून सांगतो. ती फोडली की आत दीड व्होल्टची सहा घरं दिसतात आणि हात काळे होतात. ती काळी भुकटी मँगनीज डायऑक्साइडची. आमच्या तुमसर तालुक्यातली डोंगरी बुजुर्गची खाण याच मालासाठी ओळखली जाते. तिथलं खनिज ड्रायसेल बनवणाऱ्यांकडे जातं. तुमसर रोडहून तिरोडीला जाणाऱ्या गाडीत बसलं की डोंगरी बुजुर्ग स्टेशनात सगळं काळं दिसायचं, माणसांच्या पापण्यासुद्धा. माझे साडभाऊ त्या खाणीत होते. मी त्यांना डबी वाजवून दाखवली तेव्हा म्हणाले, "म्हणजे आमचंच काळं तू वाजवून राह्यला." आणि गंमत अशी की फझच्या शौकिनांना अजूनही ही जुनी, स्वस्त, काळ्या भुकटीचीच बॅटरी लागते. नवी अल्कलाइन लावली तर सूर कोरडा येतो म्हणतात. मला फरक ऐकू येतो. माझ्या मुलीला येत नाही.

बेसकडे मी वळलो तो नाइलाजाने, आमचा बेसवाला पोलीस भरतीत गेला म्हणून. बेस हे वाद्य आमच्या भागात रुजायला कठीण होतं, आणि त्याचं कारण भोंगा. बिछायत केंद्राकडून मंडपाबरोबर मशीन, मायक्रोफोन आणि चार भोंगे यायचे. भोंग्यातून भाषण कोसभर जातं, पण खालचा सूर जात नाही. जबरीने पाठवला तर आतला पडदा नको तेवढा हलतो आणि फाटतो. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या एका जत्रेत मी पहिल्या तासाभरात दोन युनिटं उडवली. भोंगेवाले भाऊ स्टेजवर चढले आणि माईकवरच म्हणाले, "हे जाडं गिटार बंद करा जी, नाहीतर मी घरी चाललो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी प्लायवूडच्या पेटीत पंधरा इंची स्पीकर बसवला आणि ती पेटी बैलगाडीतून, पुढे टेंपोतून गावोगाव नेली. पेटीवर बायका बसून दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य, बघत.

दुसरं दुखणं गुणगुणीचं. मेन्सची वीज सेकंदाला पन्नास वेळा हलते, आणि बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला जो सूर मिळतो तो सेकंदाला एकोणपन्नासचा. म्हणजे गावातली वीज सतत जवळजवळ माझाच सूर धरून बसलेली, पण किंचित चढी. अर्थिंग नसलेल्या गावात त्या सुराचं गाणं आलं की पोटात ढवळे. मी गायकांना सांगून पट्टीच बदलायला लावत असे. नव्वदनंतर दोन उलट्या वेढ्यांचा पिकअप हाती आला आणि तेवढं सुटलं.

तारांचं काय? बेसच्या चार तारांचा संच नागपुरातच मिळायचा आणि महिन्याच्या किराण्यातला बरा भाग खायचा. घाम आणि धूळ बसून तारा बोदल्या वाजू लागल्या की त्या उकळायच्या, हा जगभरच्या गरीब बेसवाल्यांचा तोडगा. मी चहाच्या गंजात उकळल्या. दहा मिनिटं, मग कोरड्या पंचाने पुसायच्या; महिनाभर पुन्हा खणखणीत. पाण्यावर जो तवंग येतो तो बघवत नाही. बायकोने तो गंज त्या दिवसापासून माझ्या नावाने वेगळा काढला. अजून आहे.

बेसचं आयुष्य आमच्याकडे फार नव्हतं. १९८५ साली रोलंडने ऑक्टोपॅड काढला, मागोमाग सिंथेसायझर गावापर्यंत आले. झाडीपट्टीच्या नाटकांत, जी दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चालतात, स्टेजपुढच्या खड्ड्यात ऑर्गन-तबल्याच्या शेजारी हेच येऊन बसले. की-बोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवू लागला. एका माणसाचं मानधन वाचलं. नाटक कंपनीवाल्यांना दोष देत नाही. वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या गाडीत जागा मोजूनमापून असते, आणि माझी पेटी दोन नटांची जागा खाई.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नव्वदच्या दशकात झूमची मल्टीइफेक्टची डबी आली, मग नागपुरात सीताबर्डीला यामाहा आणि आयबानेझ भिंतीला टांगलेल्या दिसू लागल्या, आता त्या मोबाइलवर बोट ठेवलं की घरी येतात. चांगल्या आहेत. बारा हजारांच्या गिटारीची मान आज जितकी सरळ असते तितकी आमच्या वेळी कुणाचीच नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात लाखनीहून एक पोरगा मोटारसायकलवर आला. कॉलेजातला, पाठीवर गिटारची पिशवी. "काका, तुमच्याकडे एसी १२८ असन का? जुना. परदेशात लय भाव आहे त्याले." मी डावा खण ओढला. सतरा निघाले. एकेक मल्टिमीटरवर धरून गळती बघितली; नऊ कामाचे होते, दोन फझजोगे. दुकानात पत्र्याखाली उकडत होतं, बाहेर पंचेचाळीस अंश. त्याने तिथेच जोडून वाजवून बघायचा हट्ट धरला. आवाज आला तो थुंकल्यासारखा, तुटक. पोराचं तोंड उतरलं.

"खराब होय का?"

"खराब नाही. जर्मेनियम आहे ते. उन्हात गळते. मातीच्या माठाशेजारी ठेव डबी, नाहीतर मंडईपर्यंत थांब."

त्याने माठाकडे पाहिलं. मग डबी उचलली आणि सरळ माठाच्या तिवईवर, पाण्याच्या ठिबकणाऱ्या थेंबांपासून चार बोटं लांब, नेऊन ठेवली.