मालीश, माती आणि पाणी : सेवाग्राम ते उरळी कांचन

१/ गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर ओलांडून वर्ध्याला येते आणि पुढे मनमाड, दौंड करीत पुण्याकडे वळते. दौंड आणि पुणे यांच्या दरम्यान उरळी स्थानक आहे. वर्ध्याजवळचे सेवाग्राम, उरळी कांचन आणि पुणे ही तिन्ही ठिकाणे या एकाच लोहमार्गालगत येतात. भारतातील आधुनिक निसर्गोपचाराचा पाया मोठ्या अंशी याच तीन ठिकाणी घातला गेला.

२/ मालीश आणि निसर्गोपचार यांच्याकडून रुग्णाने नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी? हा प्रश्न आजचा वाटतो. पण १९२४ ते १९४६ या काळात महाराष्ट्रात तो जीवन-मरणाच्या प्रसंगी विचारला गेला होता. त्याची मिळालेली उत्तरे परस्परांशी जुळणारी नव्हती, आणि म्हणूनच ती जाणून घेण्यासारखी आहेत.

३/ मालीश आपल्याकडे परकी नव्हती. चरकसंहितेत अभ्यंगाला दिनचर्येत स्थान आहे; नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान घरोघरी होते. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणारी अनुभवी बाई गावोगाव असे. पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे तेल दुखऱ्या सांध्यांना चोळण्याची रीत जुनी आहे. मात्र यातील कोणीही स्वतःला ‘निसर्गोपचारक’ म्हणवीत नव्हते. ते नाव आणि त्यामागील सिद्धान्त युरोपातून आले.

४/ एकोणिसाव्या शतकात मध्य युरोपात औषधांना विटलेल्या रुग्णांची एक चळवळच उभी राहिली. व्हिन्सेंट प्रीसनित्स याने थंड पाण्याचे उपचार सुरू केले. सेबास्टियन क्नाइप या धर्मगुरूने जलोपचाराला लोकप्रियता दिली. लाइपझिगच्या लुई कूने याने कटिस्नान व घर्षणस्नान यांचा पुरस्कार केला, तर अडोल्फ युस्ट याने मातीच्या पट्ट्यांचा. शरीर स्वतःच बरे होऊ पाहते, उपचारकाने केवळ त्याच्या वाटेतील अडथळे दूर करावेत, हे या सर्वांचे सामायिक सूत्र होते.

५/ कूने आणि युस्ट यांची पुस्तके दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी नावाच्या तरुण वकिलाच्या वाचनात आली. त्यांनी हे प्रयोग प्रथम स्वतःवर, मग कुटुंबीयांवर आणि सहकाऱ्यांवर केले. १९०९ मधील ‘हिंद स्वराज’मध्ये तर त्यांनी डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कठोर टीका केली. रुग्ण औषध घेतो आणि कुपथ्य मात्र सोडत नाही, हा त्या टीकेचा गाभा होता.

६/ या भूमिकेची पहिली मोठी कसोटी पुण्यात लागली. येरवडा कारागृहात असताना गांधीजींना आंत्रपुच्छाचा तीव्र विकार झाला. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. मातीची पट्टी वा कटिस्नान जेथे पुरे पडणार नव्हते, तेथे शल्यचिकित्सकाच्या सुरीनेच प्राण वाचवले.

७/ तरीही गांधीजींची निसर्गोपचारावरील श्रद्धा ढळली नाही. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास गेले. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. तेथे आजाऱ्यांची शुश्रूषा हा आश्रमाच्या दिनक्रमाचाच भाग होता. गांधीजी स्वतः रक्तदाबाचे रुग्ण होते आणि रोज मालीश करून घेत. पोटावर आणि कपाळावर ओल्या मातीची पट्टी ठेवणे, हा त्यांचा नित्याचा उपाय होता.

८/ १९३९ च्या सुमारास आश्रमाच्या दाराशी परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे विद्वान; येरवड्यातील जुने सहबंदी; आणि कुष्ठरोगी. कुष्ठरोग्याला घरातून, गावातून बाहेर काढण्याचा तो काळ होता. आश्रमातील इतरांच्या आरोग्याची जबाबदारीही गांधीजींवर होती. विचारान्ती त्यांनी शास्त्रीजींना ठेवून घेतले आणि त्यांच्यासाठी जवळच कुटी बांधून दिली. ती ‘परचुरे कुटी’ सेवाग्रामात आजही पाहता येते.

९/ गांधीजी स्वतः शास्त्रीजींच्या जखमांची देखभाल करीत, त्यांच्या अंगाला मालीश करीत. त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ज्या शरीराला हात लावण्यास समाज धजत नव्हता, त्याला देशातील सर्वांत परिचित माणसाने रोज स्पर्श केला. पूर्व विदर्भ हा कुष्ठरोगाने दीर्घकाळ ग्रासलेला पट्टा. तेथे या स्पर्शाचा अर्थ वैद्यकापुरता मर्यादित नव्हता.

१०/ परंतु इतिहासाला दुसरी बाजूही सांगावी लागते. मालिशीने कुष्ठरोग बरा झाला नाही, होणेही शक्य नव्हते. तो जिवाणूंमुळे होतो. १९४५ मध्ये शास्त्रीजींचे निधन झाले. त्याच दशकात सल्फोन गटातील औषधांनी कुष्ठरोगावर प्रथमच खात्रीचा इलाज हाती दिला. मालिशीने वेदना, एकटेपणा आणि अपमान हलका केला. रोग औषधाने हटला. या दोन गोष्टींची गल्लत होऊ न देणे, हे या प्रसंगाचे महत्त्वाचे सार आहे.

११/ इकडे पुण्यात, रेल्वे स्थानकाजवळच्या ताडीवाला रस्त्यावर, डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार चिकित्सालय नावारूपाला आले होते. बाष्पस्नान, एनिमा, उपवास, नियंत्रित आहार आणि शास्त्रशुद्ध मालीश अशी तेथील पद्धती होती. गांधीजी तेथे अनेकदा उपचारासाठी राहिले. मात्र अशा चिकित्सालयाचा लाभ मुख्यतः सुखवस्तू लोकांनाच परवडणारा होता. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरणार होती.

१२/ ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाले. तेथेच गांधीजींनी ‘आरोग्यनी चावी’ ही गुजराती पुस्तिका लिहिली. पृथ्वी, पाणी, आकाश, तेज आणि वायू या पंचमहाभूतांच्या आधारे आरोग्य कसे राखावे, याचे ते साध्या भाषेतील विवेचन आहे.

१३/ पुस्तिकेतील विचारांची अत्यंत कठीण कसोटी त्याच वास्तूत लागली. १९४४ च्या आरंभी कस्तुरबांची प्रकृती खालावत गेली. सरकारी परवानगीच्या दिरंगाईनंतर डॉ. दिनशा मेहता यांचे नैसर्गिक उपचार झाले. वैद्य शिव शर्मा यांचे आयुर्वेदिक उपचारही झाले. डॉ. सुशीला नायर आणि डॉ. गिल्डर हे सोबतचे बंदी डॉक्टर प्रयत्न करीतच होते. अखेरीस पेनिसिलिन मागवले गेले. पुत्र देवदास यांचा आग्रह होता; पण आता आशा उरली नसताना पत्नीला वारंवार सुया टोचू नयेत, असे गांधीजींचे मत पडले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला.

१४/ या निर्णयाविषयी आजही मतभेद आहेत. एक गोष्ट मात्र निर्विवाद : त्या खोलीत निसर्गोपचार, आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक हे तिन्ही उपस्थित होते आणि जीर्ण झालेल्या हृदयापुढे तिन्ही थकले. कोणत्याही उपचारपद्धतीकडून अमरत्वाची अपेक्षा ठेवता येत नाही, हे त्या घटनेने कठोरपणे दाखवून दिले.

१५/ सुटकेनंतर गांधीजींनी निसर्गोपचाराला संस्थेचे रूप देण्याचे ठरवले. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी अखिल भारतीय निसर्गोपचार प्रतिष्ठानाच्या विश्वस्तपत्रावर त्यांनी स्वाक्षरी केली. पुण्यातील चिकित्सालय गरिबांसाठी खुले करावे, असा विचार होता. काही महिन्यांतच त्यांना उमगले की, गरिबांसाठीची संस्था शहरात उभारणे हाच भ्रम आहे. गरीब शहरात येत नाही. संस्थेनेच खेड्यात गेले पाहिजे. ही चूक त्यांनी ‘हरिजन’मधून मोकळेपणाने मान्य केली.

१६/ निवड झाली ती पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरील उरळी कांचनची. २२ ते ३० मार्च १९४६ या काळात गांधीजी तेथे राहिले. त्याच दिवसांत ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी दिल्लीत दाखल झाले होते. आणि ज्यांची दिल्ली वाट पाहत होती, ते उरळीत शेतकऱ्यांची पोटदुखी, ताप आणि खरूज तपासत होते.

१७/ उरळीत रुग्णाला काय मिळे? सूर्यस्नान, कटिस्नान, मातीची पट्टी, मालीश, साधा आहार आणि रामनाम. कटिस्नान म्हणजे टबात असे बसायचे की कंबर व ओटीपोट पाण्यात राहील, पाय व छाती बाहेर. आणि ओल्या फडक्याने पोट हलके चोळायचे. मालिशीत तळहाताने लांब हात फिरवणे, स्नायू मळणे, थोपटणे अशा क्रिया येतात. हातापायांवर हात सामान्यतः हृदयाच्या दिशेने फिरवला जातो. यांपैकी कशालाही महागडे साधन लागत नव्हते, आणि तीच गांधीजींची अट होती : जे खेड्यात मिळत नाही, ते उपचारात नको.

१८/ दुसरी अट रुग्णासाठी होती. बरे होऊन घरी जाणे पुरेसे नव्हते. पुन्हा आजारी न पडण्याची विद्या त्याने शिकून जावे, अशी अपेक्षा होती. म्हणून स्वच्छता, शौचकूप, पिण्याचे पाणी आणि आहार हेही चिकित्सेचेच भाग मानले गेले. निसर्गोपचाराचा अर्थ येथे बदलला : युरोपात तो आरोग्यधामातील विश्रांती होता, उरळीत तो ग्रामसुधार झाला.

१९/ गांधीजी ३० मार्चला निघाले. पण मणिभाई देसाई आणि विनोबांचे बंधू बाळकोबा भावे मागे राहिले. मणिभाईंनी पुढचे सारे आयुष्य उरळीला वाहिले. शाळा, शेती, गोपालन अशी कामे वाढत गेली. १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था उभारली आणि १९८२ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पोषण नसलेल्या शरीराला मातीची पट्टी काय करणार, हा प्रश्न त्यांना गोठ्यापर्यंत घेऊन गेला. उरळीचा निसर्गोपचार आश्रम आजही सुरू आहे.

२०/ ताडीवाला रस्त्यावरील वास्तूत १९८६ मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था स्थापन झाली. २०१८ पासून १८ नोव्हेंबर हा निसर्गोपचार दिन म्हणून पाळला जातो. निसर्गोपचार व योगविज्ञानाचा साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रमही आता आहे. म्हणजे ‘उपचार करणाऱ्याचे शिक्षण काय?’ हा प्रश्न विचारण्याची सोय आज रुग्णाला आहे. ती अवश्य वापरावी.

२१/ मग अपेक्षा कोणती ठेवावी? मालिशीने स्नायूंचा ताठरपणा आणि कंबरदुखी काही काळ कमी होऊ शकते, मन शांत होते. आहार, व्यायाम आणि विश्रांती यांची शिस्त रक्तदाब व वजन यांच्या नियंत्रणास मदत करते. ताप, उघडी जखम, ताजा अस्थिभंग किंवा पायातील रक्ताची गाठ असता मालीश टाळावी. हृदयविकार वा गर्भारपण असल्यास आधी सांगावे. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग यांवरील औषधे सोडून केवळ या उपचारांवर विसंबणे धोक्याचे आहे. सांगणारा कोणीही असो, चालू औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये.

२२/ ससूनचे शस्त्रक्रियागृह, परचुरे कुटी, आगाखान पॅलेस आणि उरळी ही एकाच माणसाच्या आयुष्यातील चार ठिकाणे. पहिल्याने निसर्गोपचाराची मर्यादा दाखवली, दुसऱ्याने स्पर्शाचे सामर्थ्य, तिसऱ्याने सर्वच वैद्यकाची हतबलता आणि चौथ्याने प्रतिबंधाचे महत्त्व. यांतील एकच ठिकाण निवडून निसर्गोपचाराचा गौरव किंवा उपहास करणे सोपे आहे. चारही एकत्र पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरता कळत नाही.