दशावतारी गंजिफांची शिकवण

रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या वसाहतीस ‘लोटे परशुराम’ असे जोडनाव मिळाले, ते जवळच्या डोंगरावरील परशुरामक्षेत्रामुळे. सागर मागे हटवून ज्याने कोकणची भूमी मिळविली असे परंपरा सांगते, त्या भार्गवाचे हे स्थान. हाच परशुराम कोकणात आणखी एके ठिकाणी भेटतो, आणि ते ठिकाण देवालय नव्हे, तर खेळावयाचे पान होय. लोट्याहून मुंबई-गोवा महामार्गाने थेट दक्षिणेस गेले असता सावंतवाडीचा मुलूख लागतो. तेथे रंगविल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफांत सहावा रंग परशुरामाचा असून परशू ही त्याची खूण आहे.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेली वाटोळी पाने. हा खेळ मूळचा दरबारी. 1527 साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे अबुल फजलने अकबराच्या दरबारातील गंजिफांचे वर्णन केले. मोगली जोडात 8 रंग व 96 पाने असत. तलवार, मुकुट, गुलाम अशा दरबारी खुणांच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह आदी अवतार आले, तेव्हा 10 रंगांचा व 120 पानांचा दशावतारी जोड सिद्ध झाला. परका खेळ या भूमीने अशा रीतीने आपलासा केला.

परंतु या खेळाची खरी शिकवण चित्रांत नाही, ती नियमांत आहे. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत 10 पाने असतात. राजा श्रेष्ठ व त्याखालोखाल प्रधान, हा क्रम सर्वत्र कायम. मात्र पुढील पानांचा क्रम निम्म्या रंगांत दश्शीपासून खाली उतरतो, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का वर चढतो आणि दश्शी तळाशी जाते. एका रंगात बलवान ठरलेले पान दुसऱ्या रंगात दुबळे ठरते. मनुष्याची योग्यता त्याच्या अंगावरील आकड्यावरून नव्हे, तर तो कोणत्या ठिकाणी उभा आहे यावरून ठरते, हे व्यवहारज्ञान खेळणाऱ्याच्या अंगी नकळत मुरत असे.

दुसरा नियमही असाच मार्मिक आहे. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाने आरंभ करावयाचा, आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या. पुढाकाराचा मान एकाचाच कायम नसतो. तो काळाप्रमाणे पालटतो. शिवाय येथे इतर रंगांना मारणारा हुकूम नाही. राजा पडून गेला की त्या रंगात प्रधान श्रेष्ठ होतो. म्हणून कोणते पान गेले आणि कोणते उरले याचे भान ज्याला राहते, तोच जिंकतो. तिघांत पाने वाटली तर एकेकाच्या हाती 40 पाने येतात. एवढ्या पसाऱ्यात दैवापेक्षा सावधपणाच अधिक कामास येतो.

पुढे छापील 52 पानांचा स्वस्त जोड घरोघरी आला आणि गंजिफा मागे पडल्या. चिंचोक्याची खळ, रंग व लाख यांचे मेहनतीचे काम करणारे चितारी विरळ होत गेले. 1970 च्या सुमारास सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागिरांकडून ती विद्या मिळवून राजवाड्यातच तिला आश्रय दिला. त्यामुळे कला वाचली. खेळ मात्र तितकासा वाचला नाही. आज गंजिफा विकत घेणारे पुष्कळ जण त्या भिंतीवर लावतात. पाने पिसून डाव मांडणारे थोडेच.

येथेच आजच्या घरांना विचार करावयास जागा आहे. मुले पडद्यावरील खेळांत रमतात आणि वडीलधारी माणसे त्यातील चित्रे पाहून खेळास बरा-वाईट ठरवितात. परंतु खेळ काय शिकवितो, हे त्याचे नियम सांगतात. हरल्यावर पुन्हा आरंभ करावयास लावणारा खेळ धीर शिकवील. केवळ नशिबाच्या फेकीवर बक्षीस देणारा हाव शिकवील. सावंतवाडीच्या पानावरील परशुराम कितीही सुबक असला, तरी त्याचे बळ किती हे डावात उतरल्यावाचून कळत नाही. खेळाची पारख करू इच्छिणाऱ्या वडिलांनीही मुलाशेजारी बसून एखादा डाव खेळावा, हे उत्तम.