अनोळखी बर्फातली वाट

मी राहतो गोवंडीला. आमच्या गोवंडीत बर्फ म्हणजे मासळीच्या टोपलीवर फोडून टाकलेली लादी, नाहीतर उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या हातगाडीवर किसला जाणारा तुकडा. डोंगर म्हणाल, तर तुर्भ्याची टेकडी. अशा ठिकाणी एका विद्यार्थ्याने मला भर वर्गात विचारले, "सर, बर्फावर चालणारी फटफटी घेऊन कधी न पाहिलेल्या डोंगरात जायचे झाले, तर आधी तयारी कशाची करायची?" त्याचा मामा गुलमर्गला जाऊन आला होता आणि तिथल्या हिमस्कूटरचे चित्र त्याने भाच्याला दाखवले होते. सारा वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही. हा प्रश्न यंत्राचा नाही, इतिहासाचा आहे, असे मला वाटले. अनोळखी डोंगरात माणसे पूर्वीही गेली. काही परतली, काही परतली नाहीत. दोघांमधला फरक कशाने पडला, एवढेच आज पाहू.

सुरुवात आपल्या सह्याद्रीपासूनच करू. इ.स. 1661 चा फेब्रुवारी महिना. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसलेला. त्याने कारतलबखान नावाच्या सरदाराला उत्तर कोकण जिंकायला पाठवले. फौज मोठी, दारूगोळा भरपूर, हुरूप तर त्याहून मोठा. खान लोहगडाच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि उंबरखिंडीच्या दाट रानात शिरला. वाट इतकी अरुंद की माणसामागे माणूस चालावा. दोन्ही अंगांना डोंगर, झाडी आणि त्या झाडीत दबा धरून बसलेले शिवाजी महाराजांचे मावळे. पुढची वाट बंद झाली, मागचीही बंद झाली. पाण्यावाचून फौज तडफडू लागली. खानाबरोबर माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन ही कर्तबगार स्त्री सरदार होती. असल्या रानात सैन्य घालणे हीच चूक झाली, असे तिने खानाला खडसावल्याचे वर्णन कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त आहे. अखेर खान शरण आला, खंडणी देऊन जीव वाचवून परत गेला.

आता पाहा, खानाजवळ काय नव्हते? माणसे होती, शस्त्रे होती, पैसा होता. नव्हते ते एवढेच : ही वाट कुठे अरुंद होते, पाणी कुठे लागते आणि अडचण आली तर मागे फिरता येईल का, याचे ज्ञान. महाराजांकडे तेच होते, कारण डोंगरातला माणूस त्यांचा होता. सह्याद्रीत धनगर, कातकरी, ठाकर यांच्या पायांत वाटांचा नकाशा असतो. त्यांना विचारणारा तरतो.

पण समजा, विचारायला माणूसच नसेल तर? मैलोगणती पांढरे बर्फ, ना झाड, ना पायवाट, ना झोपडी. तिथे काय करायचे? आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न खरा इथे सुरू होतो.

आधी त्या फटफटीची हकीकत ऐका. तिच्या मुळाशी चैन नाही, दुःख आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक यंत्रकार होता. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बुजलेले. मुलाला रुग्णालयात नेता आले नाही आणि ते पोर गेले. बर्फावरून धावणाऱ्या गाडीच्या खटपटीत हा गृहस्थ आधीपासूनच होता. पुढे 1937 साली त्याने रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या बर्फगाडीचे पेटंट मिळवले आणि 1959 साली एकदोघांना बसता येईल अशी छोटी हिमस्कूटर बाजारात आणली. पुढे दोन पट्ट्या, मागे फिरणारा रुंद पट्टा, वर मोटारसायकलीसारखी बैठक. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला म्हणजे आजारी माणसाला बाजेवर घालून नेणाऱ्या आपल्या खेड्यातल्या वाचकाला या गाडीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण नुसत्या यंत्राने बर्फ जिंकता येत नाही, हे त्याआधीच सिद्ध झाले होते. इंग्लंडचा कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्याने तीन मोटारगाड्या नेल्या होत्या. 1911 च्या जानेवारीत जहाजावरून उतरवतानाच एक गाडी बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन प्रत्यक्ष प्रवासात थोड्याच दिवसांत बंद पडल्या. त्या गाड्या घडवण्यात ज्या यंत्रज्ञाचा हात होता, त्यालाच मोहिमेत घेतले नव्हते. बैलगाडी घ्यावी आणि तिचा जू बांधणारा घरी ठेवावा, तसे झाले.

त्याच वेळी नॉर्वेचा अमुंडसेन दुसऱ्या बाजूने निघाला होता. त्याने आधी काय केले होते? 1903 ते 1906 या वर्षांत उत्तरेकडच्या बर्फात असताना तो तिथल्या इन्युइट लोकांजवळ शिकला. कातड्याचे कपडे कसे घालावेत, कुत्र्यांच्या गाडीने कसे जावे, हे त्याने त्यांच्याकडून उचलले. म्हणजे दक्षिणेच्या ओसाड बर्फात विचारायला कोणी नाही, हे ओळखून त्याने आपले गुरू उत्तरेत शोधले!

दोघांनीही वाटेवर अन्नाचे आणि तेलाचे साठे आधी पुरून ठेवले. अमुंडसेनने आपल्या साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडव्या अशा निशाणांच्या लांब रांगा लावल्या. धुक्यात वाट चुकून काही मैल इकडेतिकडे झाले, तरी एखादे निशाण दिसावे आणि साठा सापडावा. माणूस चुकणार, हे गृहीत धरून केलेली ही योजना होती. स्कॉटचा सर्वांत मोठा साठा 80 अंशांवर ठेवायचा होता, पण तट्टे थकली म्हणून तो सुमारे 30 मैल अलीकडेच ठेवला गेला. शिवाय तेलाच्या डब्यांच्या झाकणांतून तेल झिरपून गेले. अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 रोजी ध्रुवावर पोचला आणि सर्व सोबत्यांसह सुखरूप परतला. स्कॉट 17 जानेवारी 1912 रोजी पोचला. परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे चारही सोबती गेले. त्याचा शेवटचा तंबू त्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या 11 मैलांवर होता. साठा ठरल्या जागी असता, तर तो आधीच वाटेत लागला असता. स्कॉट भित्रा नव्हता, आळशीही नव्हता. पण तट्टांच्या दमाला, डब्यांच्या झाकणाला आणि वाऱ्याच्या लहरीला त्याच्या हिशेबात पुरेशी जागा उरली नव्हती.

ही परक्यांची गोष्ट झाली. आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे भाड्याचे नॉर्वेजियन जहाज निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 भारतीय त्यात होते. 9 जानेवारी 1982 रोजी ते दक्षिण ध्रुवखंडावर, म्हणजे अंटार्क्टिकावर उतरले आणि 21 फेब्रुवारीला गोव्याला परत आले. डिसेंबरच का निवडला? कारण आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. मार्चनंतर तिथला समुद्र गोठू लागतो आणि जहाज अडकते. म्हणून तिथे परतीचा काळ आधी ठरतो आणि त्यावरून निघण्याचा काळ मोजतात. आपण जत्रेला निघतो ते नेमके उलटे करून.

1983 च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. अदिती पंत होत्या. नागपूरला जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या या शास्त्रज्ञ. त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. याच मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभारले आणि 12 भारतीयांनी तिथे पहिला हिवाळा काढला. पण ठाणे होते समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थरावर. वर्षागणिक बर्फ साचत गेले आणि घर हळूहळू त्यात गाडले जाऊ लागले. तोवर किनाऱ्यापासून सुमारे 100 किलोमीटर आत, उघड्या खडकावर, 'मैत्री' हे दुसरे ठाणे 1989 साली उभे राहिले होते. 1990 साली जुने ठाणे सोडावे लागले. पहिल्या ठाण्याने जे शिकवले, ते दुसऱ्याच्या पायात घातले गेले.

मैत्रीच्या दक्षिणेला डोंगरांच्या रांगा आहेत. भूगर्भशास्त्रज्ञांना तिथे जावे लागते, आणि तिथे हिमस्कूटर उपयोगी पडते. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाच्या पोटात खोल भेगा असतात. त्यांच्यावर ताज्या बर्फाचे पातळ छप्पर असते. म्हणून आधी कमरेला दोर बांधलेला माणूस काठीने बर्फ टोचत पुढे जातो, निशाणे रोवतो, मग मागून गाडी येते. एकटी गाडी कधी न्यायची नाही. एक बंद पडली तर दुसरीवर परतता आले पाहिजे. तेलाचे तीन वाटे करावेत असा बर्फावरच्या गाडीवानांचा जुना दंडक आहे : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक अडचणीसाठी. हिमालयासारख्या चढ-उताराच्या मुलखात आणखी एक भय असते, ते हिमकड्यांचे. ताजे बर्फ पडल्यावर 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. अशा उतारावर एका वेळी एकच गाडी जाते, बाकीचे सुरक्षित जागी थांबून तिच्यावर नजर ठेवतात. प्रत्येकाजवळ फावडे, लांब सळई आणि गाडले गेल्यास ठिकाण सांगणारे यंत्र असते. गाडलेला माणूस पहिल्या पाव तासात काढला तरच त्याच्या जगण्याची आशा मोठी असते. बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही, सोबतीच कामी येतो.

एवढे करूनही घात होतो, हेही सांगितले पाहिजे. 1990 च्या जानेवारीत हंबोल्ट पर्वतातल्या छावणीत आपले चार जण गेले. त्यांना भेगेने गिळले नाही की वादळाने नेले नाही. बंद तंबूत साचलेल्या विषारी वायूने त्यांचा प्राण घेतला. थंडीत दार-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपतो तो उठत नाही.

आज अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांची आधी कसून वैद्यकीय तपासणी होते. मग त्यांना उत्तराखंडातल्या औलीला बर्फात नेऊन भारत-तिबेट सीमा पोलिसांकडून चालणे, दोर धरणे, तंबूत राहणे शिकवतात. या मोहिमांचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. ज्या बर्फात विचारायला माणूस नाही, तिथे आधी जाऊन आलेल्यांच्या नोंदी हाच धनगर, हाच वाटाड्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही मुलांना अंटार्क्टिकाला नेणार नाही, मला ठाऊक आहे. न्याल ते जवळच्या किल्ल्यावर. मीही एकदा मार्चमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन एका घाटवाटेने गेलो. जाण्याच्या गाडीची वेळ मी तोंडपाठ केली होती, वरच्या टाक्यात पाणी आहे का, हे मात्र विचारले नव्हते. टाके कोरडे होते. उतरताना एका मुलीला भोवळ आली. पायथ्याच्या वाडीतल्या म्हातारीने हंडा पुढे केला आणि म्हणाली, "मास्तर, वर जायच्या आधी इथं इचारायचं हुतं." पदवी माझ्याकडे होती, ज्ञान तिच्याकडे. उंबरखिंडीतला खान त्या दिवशी मला फार जवळचा वाटला.

म्हणून त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, बाबा रे, गाडी शेवटी घे. आधी तिथे जाऊन आलेला माणूस शोध. परतीचा दिवस आणि परतीची वाट ठरव. तू चुकशील असे धरून चाल आणि त्या चुकीपुरते तेल, पाणी, वेळ हाताशी ठेव. कुठे जातोस आणि केव्हा येशील, हे घरी लिहून ठेव. आणि हवा फिरली तर मागे वळायला लाजू नकोस. डोंगर कुठे पळून जात नाही.

मुलगा म्हणाला, "सर, हे तर राजमाचीला जातानाही लागेल."

मी म्हटले, "मग तिथूनच सुरुवात कर."