महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात ग्रंथालय : फ्रान्समधल्या ब्लेराँकूरची माहिती

ब्लेराँकूर हे उत्तर फ्रान्समधल्या एन जिल्ह्यातलं छोटं खेडं. पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) हा भाग बराच काळ जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. १९१७ साली माघार घेताना सैन्याने या पट्ट्यातली घरं उडवून दिली, विहिरी नासवल्या आणि फळझाडंसुद्धा तोडून टाकली. परतलेल्या शेतकऱ्यांना ना डोक्यावर छप्पर होतं, ना पेरायला बियाणं.

मदत कोणी केली?

त्याच वर्षी अमेरिकेतून अ‍ॅन मॉर्गन आणि अ‍ॅन मरे डाइक इथे आल्या. मॉर्गन ही प्रसिद्ध बँकर जे. पी. मॉर्गन यांची मुलगी. पडक्या वाड्याच्या आवारात लाकडी बराकी बांधून त्यांनी मुक्काम ठोकला. बियाणं, कोंबड्या, गुरं, औषधं यांचं वाटप सुरू झालं. १९२४ पर्यंत सुमारे ३५० अमेरिकन महिलांनी या कामात भाग घेतला. गाड्याही त्या स्वतःच चालवत.

पुस्तकं कशाला?

पोटाची सोय झाली, पण शाळा पडलेल्या, मुलं भेदरलेली. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या जेसी कार्सन यांना बोलावण्यात आलं. तेव्हा फ्रान्समधली बहुतेक ग्रंथालयं विद्वानांसाठी होती. पुस्तकं कपाटात बंद, मुलांना तर प्रवेशच नाही. कार्सन यांनी हे उलटं केलं. उघडी फळी, मुलांच्या उंचीचं फर्निचर, गोष्टी सांगण्याचा तास आणि पुस्तक घरी न्यायची मुभा. ब्लेराँकूरसह आसपासच्या गावांत अशी ग्रंथालयं निघाली. जिथे ग्रंथालय नव्हतं, तिथे पुस्तकांची मोटार जायची.

पुढे काय झालं?

१९२४ मध्ये समितीने काम आवरलं आणि ग्रंथालयं स्थानिक लोकांच्या हाती दिली. ब्लेराँकूरच्या वाड्यात आज फ्रान्स-अमेरिका मैत्रीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. खेड्यापाड्यांत गाडीने पुस्तकं पोचवण्याची सरकारी व्यवस्था फ्रान्सने १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर, उभी केली.

युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेले दगड फ्रान्सच्या जवळपास प्रत्येक गावात आहेत. ब्लेराँकूर परिसरात त्यासोबत मागे राहिलेल्या मुलांच्या हाती पुस्तकंही आली.